वकीलसाहेबांचा खंदक आणि माझी झडती

माझे वडील शूर होते की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण रंगून जपान्यांच्या हाती पडल्याची बातमी आली तेव्हा अकोल्यात सर्वांत आधी तेच घाबरले, एवढं मी खात्रीनं सांगते. ते वकील होते. एकदा निवडून येऊन नागपूरच्या कौन्सिलात बसून आले होते, आणि पुढच्या खेपेला पडले तरी लोक त्यांना मेंबरसाहेब म्हणत आणि ते म्हणू देत. आमची शेती अकोटजवळच्या एका गावात होती, म्हणून सरकारनं त्यांना त्या भागाच्या युद्ध समितीचं अध्यक्ष केलं. कामगिरी नीट वठली तर पुढे रावसाहेब ही पदवी मिळेल, असं त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापासून बाबा सरळ चालेनासे झाले, मिरवायला लागले.

गावोगाव ते एकच भाषण देत. "शत्रू दाराशी येऊन ठेपला आहे," असं ते म्हणाले की समोरचे दहा-बारा जण मान वळवून खरंच दाराकडे बघत. जपानी विमान समुद्र सोडून आमच्या सरक्या-कापसावर बॉम्ब टाकायला कशाला येईल, असं कोणी विचारलं की बाबा म्हणत, "तेच तर त्यांचं धोरण आहे. जिथं वाटत नाही तिथंच ते येतात." यावर कोण काय बोलणार?

भाषणानंतर खंदकाचं काम निघालं. नागपूरहून छापील परिपत्रक आलं होतं. खंदक घरांपासून लांब, मोकळ्या जागी, नागमोडी खणावेत. बाबांनी शाळेमागचं शेत निवडलं आणि वैशाखात गावाला कामाला लावलं. आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की गाव पांढरीवर वसतं आणि शेत काळीत असतं. पांढऱ्या मातीत भिंत उभी राहते, खड्डा टिकतो. काळी उन्हाळ्यात भेगाळते, पाय आत जाईल इतकी, आणि पावसात फुगून पसरते. काळीत कोणी घर बांधत नाही की खड्डा खणत नाही. बाबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ही गोष्ट मातीनं सांगितलेली होती आणि परिपत्रक छापून आलेलं होतं.

आमचा सालदार त्यांना तोंडावर म्हणाला, "मालक, काळीत खड्डा नाई टिकत." सालदार म्हणजे वर्षाच्या करारानं राहिलेला शेतगडी, पण हा आमच्याकडे वीस वर्षं होता आणि मला त्यानं कडेवर खेळवलं होतं.

"सरकारी इंजिनिअरपेक्षा तुला जास्त समजतं का?" बाबा म्हणाले.

"नाई समजत," तो म्हणाला आणि कुदळ घेऊन गेला.

पावसाळा लागला आणि व्हायचं ते झालं. कडा ढासळल्या, खंदकाचं तळं झालं, त्यात बेडूक सुखानं नांदू लागले. एके दिवशी पाटलांची गाभण म्हैस पाणी बघून आत उतरली आणि पोटापर्यंत रुतली. आठ माणसं दोर लावून अर्धा दिवस तिला ओढत होती. नेमके त्याच दिवशी बाबा गावात भाषणाला आलेले. ते काठावर छत्री धरून सूचना देत उभे राहिले. म्हैस निघाली ती पाटलांच्या शिव्यांनी, सूचनांनी नव्हे. पण बाबांनी अहवालात काय लिहिलं असेल ते देव जाणे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि अमरावतीला वसतिगृहात राहून कॉलेजात शिकत होते. ऑगस्टात धरपकड सुरू झाली. आमच्या वर्गातली मुलं तुरुंगात गेली, कॉलेज बंद पडलं आणि आम्हा मुलींना घरी धाडलं. मी फाटकाशी उभी राहून दोन घोषणा दिल्या होत्या. देशासाठी माझी कामगिरी एवढीच. त्याची मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडते. घरी आले तर त्याच आठवड्यात बाबांनी डेप्युटी कमिशनरला चहाला बोलावलेलं. इकडे मुलं गजाआड आणि तिकडे आमच्या बैठकीत बिस्किटं! मी रागानं चार दिवस बाबांशी बोलले नाही. वाईट याचं वाटलं, की त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे मध्ये पडून कोणाला काही सांगणारंही घरात कोणी नव्हतं.

पोळ्याला आम्ही गावी गेलो. मालकानं पोळ्यात आपल्या बैलजोड्यांजवळ हजर असावं, असा आमच्याकडे रिवाज आहे. आदल्या दिवशी सालदार गोठ्यात बैलांचे खांदे तूप-हळद लावून मळत होता. मी तिथं जाऊन बसले आणि खंदकावरून तोंडसुख घेऊ लागले. तो हसत ऐकत होता. मग मी सहज विचारलं, "दादा, खरंच जपान आला तर तुम्ही काय कराल?"

"आमच्या आज्याच्या आज्यानं पेंढाऱ्याच्या वक्ताले केलं तेच," तो म्हणाला. "धान्य पांढरीतल्या पेवात भरून वरतून लिपून टाकाचं. जनावरं सातपुड्यात हाकलाची. बाया-लेकरं गढीत. आन् कोनी गावातला मानूस फितूर होऊ देयाचा नाई. येनाराले खायाले दाना नाई, पाण्याले दोर नाई. किती दिवस बसन तो?"

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं भुयार. मी लहानपणी त्यात लपाछपी खेळले होते. परिपत्रकात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

मग मला ती बुद्धी सुचली. पोळ्यात बैल तोरणाखाली रांगेनं उभे असतात आणि तोरण तुटेपर्यंत लोक झडत्या म्हणतात. झडती म्हणजे कोणाची तरी टर उडवणारं कडवं. पाटील असो, सावकार असो, त्या दिवशी कोणाचीही गय नाही. ज्याच्यावर झडती पडते त्यानं हसायचं. रागावला तर त्याचीच शोभा. झडती कोणी रचली हे कोणी विचारत नाही. जो म्हणेल त्याची ती. माझ्यासारख्या मुलीला याच्याइतकं सोयीचं दुसरं काय होतं? सालदारानं म्हशीचं कडवं आधीच जुळवून ठेवलं होतं. मी त्याला दुसरं करून दिलं. त्यानं ते दोनदा घोळवलं आणि हात थांबवला.

"बाई, हे मालकाले लागन."

"लागू द्या."

"हे मालकाच्याई पुढचं हाये, सरकारले लागन."

"दादा, तुम्ही भिता का?" मी म्हणाले. त्यानं दुसऱ्या बैलाचा खांदा मळायला घेतला. आज हे लिहिताना माझा तो प्रश्न मला काट्यासारखा टोचतो.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली सगळं गाव होतं. मी बायकांबरोबर मारुतीच्या ओट्यावर उभी होते. धरपकडीचे दिवस म्हणून अकोटचे ठाणेदार दोन शिपाई घेऊन बंदोबस्ताला आले होते आणि बाबांशेजारी खुर्चीवर बसले होते. सालदार आमच्या जोडीच्या पुढे आला आणि त्यानं खणखणीत आवाजात सुरू केलं:

"रंगून पडलं, मलाया पडलं, जपान आला दारी,
वकीलसाहेबानं खंदक खंदला काळीच्या शिवारी;
जपान काई आला नाई, म्हैस पडली आत,
म्हशीले काढाले साहेब देते भाषणाचा हात!"

लोक हसून हसून बेजार झाले. महादेवाचा गजर झाला. पाटलांनी तर फेटा काढून डोळे पुसले. बाबाही ओठांच्या कोपऱ्यातून हसले, अगदी रीतीपुरतं. तेवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण त्यानं माझं कडवं म्हटलं:

"परका येईन, परका येईन, साहेब सांगते गावाले;
घरात बसला परका, त्याले पाट कोन देते जेवाले?"

या वेळी हशा उठला आणि मध्येच विरला. सगळ्यांनी ठाणेदाराकडे बघितलं. बाबा उठले. तोरण तुटायच्या आत उठून जाणं म्हणजे गावाचा अपमान. पण ते उठले आणि वाड्याकडे चालू लागले. ठाणेदारानं शिपायांना खूण केली. बैलाची वेसण दुसऱ्याच्या हाती देऊन सालदार त्यांच्याबरोबर गेला. जाताना त्यानं ओट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून, हे मला तेव्हाच कळलं, आणि मी तोंड उघडलं नाही.

ठाणेदार संध्याकाळी घरी येऊन बाबांना सांगून गेले, "लढाईच्या कायद्याखाली घेतलाय. वकीलसाहेब, आपली एक जबानी झाली की केस पक्की. वर्ष-दोन वर्षं कुठं गेली नाहीत."

"उद्या अकोटला येऊन देतो," बाबा म्हणाले.

दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. पोरं लाकडाचे बैल सजवत होती. मी मागच्या दारी गेले तर सालदाराची बायको गोठ्यात वैरण टाकत होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. नवऱ्याचं काम अडू नये म्हणून ती आली होती. मला बघून म्हणाली, "बाई, तुमी वकिलाच्या घरच्या. त्याईले किती दिवस ठेवतीन? पेरलेलं निंदाचं हाये आमचं, म्हनून इचारते."

तिनं रडून आदळआपट केली असती तर मी कदाचित आणखी एक दिवस गप्प राहिले असते. पण ती पेंढ्या मोजून टाकत होती, आणि रात्र उलटली तरी मला विचारत कोणी आलं नव्हतं, म्हणजे ठाण्यात त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. मी तशीच बैठकीत गेले. बाबा कोट घालून निघण्याच्या तयारीत होते.

"बाबा, ते दुसरं कडवं माझं आहे," मी म्हणाले. "मी रचलं. दादा नको म्हणत होते. मीच त्यांना भित्रे म्हटलं."

बाबा खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मला वाटलं, आता हात उगारतील. त्यांनी फक्त विचारलं, "हसून झालं. आता सांग, जपान आला तर काय करायचं? की कडवी म्हणायची?"

हा प्रश्न रास्त होता, आणि माझ्यापाशी माझं असं उत्तर नव्हतं. म्हणून मी सालदाराचं सांगितलं: पेव, सातपुडा, गढी, फितुरी. बाबा ऐकत गेले. जमिनीत काय टिकतं नि काय नाही, हे मी सांगू लागले तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

"हे मला कोणी का नाही सांगितलं?"

"त्यांनी सांगितलं होतं. वैशाखात."

बाबा खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "दमणी जुंपायला सांग. तूही चल."

अकोटच्या ठाण्यात ठाणेदारानं कागद पुढे ओढला आणि टाक शाईत बुडवला. मी भिंतीला टेकून उभी होते. बाबा कोर्टात बोलावं तसे सावकाश बोलले.

"लिहा. दोन्ही कडवी मी ऐकली. ती सरकारविरुद्ध नाहीत, माझ्याविरुद्ध आहेत. खंदक मी चुकीच्या जागी खणला. घरी परक्याला पाट मी दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

ठाणेदाराचा टाक हवेतच राहिला. "वकीलसाहेब, ते परक्याचं वाक्य लिहिलं तर मला आपल्यालाच आत घ्यावं लागेल."

"मग नका लिहू. पण जबानी हवी असेल तर हीच आहे. आणि कोणी रचलं म्हणाल, तर माझ्या घरात रचलं. घरमालक मी आहे."

ठाणेदारानं बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तो काही मूर्ख नव्हता. कौन्सिलच्या माजी मेंबराला आत घालून वर कळवायचं, की युद्ध समितीचा अध्यक्षच फिरला? त्यानं कागद चुरगाळला आणि पोळ्यातली थट्टा म्हणून समज देऊन सोडतो, असं पुटपुटला. बाबांनी तिथंच दुसरा कागद मागून घेतला आणि समितीचा राजीनामा लिहिला. रावसाहेब व्हायचं त्यांच्या नशिबी नव्हतं, असं पुढे नातेवाईक म्हणत. ते स्वतः मात्र कधी म्हणाले नाहीत.

परत येताना दमणीत आम्ही तिघंच होतो. सालदारानं बैलांचे कासरे धरले होते. मी म्हणाले, "दादा, माझं चुकलं."

"जाऊ दे, बाई. एक दिवस बसून खाल्लं," तो म्हणाला.

तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला होता, राग खरा होता. "तुला जे बोलायचं होतं ते माझ्या तोंडावर का बोलली नाहीस? त्याला का पुढे केलंस? मी परिपत्रकामागे लपलो, तू याच्यामागे लपलीस. आपल्या दोघांत फरक काय?"

ते मला कोठल्याही थट्टेपेक्षा जास्त लागलं, कारण ते खरं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सालदारानं मागे न बघता विचारलं, "मालक, बाईनं तोंडावर म्हटलं असतं, तं तुमी आइकलं असतं काय?"

दमणी काळीतल्या वाटेनं हेलकावत चालली होती. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागली होती. बाबांनी विचार केला, आणि मला आठवतं, त्यांनी तो खरोखर केला.

"नसतं ऐकलं," ते म्हणाले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "आता ऐकतो. बोल."

आणि मी डोळे पुसून बोलायला लागले.