जिन्यावरची वायर

गोंडपिपरीत मोबाईलची रेंज शोधायला गच्चीवर चढावं लागायचं, त्या काळात मी संगणकाचा कोर्स केला होता आणि ते ज्याला त्याला सांगत सुटले होते. त्याचीच फळं भोगली. आमच्या धर्मादाय दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन. रक्त तपासायचं नवं यंत्र आलं, ते खाली लॅबमध्ये बसलं. संगणक आणि प्रिंटर वरच्या मजल्यावर, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. रिपोर्ट वायरीतून वर जाणार आणि छापून निघणार, असा बेत होता.

सोमवारी गरोदर बायांचं शिबिर होतं. जीपमधून येणाऱ्या बाया उन्हं उतरायच्या आत परतणार, म्हणजे रिपोर्ट लगेच हातात पडायला हवा. त्यांना रक्तवाढीवर भाषण ठोकायचं कामही माझ्याकडेच. नागपूरहून माणूस बोलवायचा का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मी छाती काढून म्हटलं, "कायले? मी आहो ना!"

साधी वायर लावली, काही झालं नाही. कोर्सच्या सरांना एसटीडीवरून विचारलं. ते म्हणाले, यंत्र थेट संगणकाला जोडायचं तर वायरीच्या एका टोकाला आतल्या रंगीत तारांचा क्रम बदलावा लागतो. मी बसून क्रम बदलला. तरी वायर मुकीच. मग संगणकाची सेटिंग बदलली, परत पहिल्यासारखी केली, प्रिंटरला दोन धपाटे घातले. प्रिंटरचा बिचाऱ्याचा काहीच संबंध नव्हता.

यंत्र रक्ताशिवाय रिपोर्ट बनवत नाही. दुसऱ्याचं रक्त कुठून आणू? दर वेळी माझ्याच बोटाला सुई. यंत्राच्या लहानशा पडद्यावर आकडे उमटायचे, पण ते बघायला वेळ कुणाला? मी जिन्याकडे पळायचे, वर काही आलंय का बघायला. नाही. परत खाली. अर्ध्या जिन्यात धाप लागायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि मी जिना बांधणाऱ्या गवंड्याचा उद्धार करायचे.

"बाई, किती रक्त पाजून राह्यल्या त्या मशीनले?" झाडू मारता मारता मावशी म्हणाल्या. "डबा तसाच आहे तुमचा. खाऊन घ्या ना थोडं."

"वायर लागू द्या मावशी, मग जेवते."

शनिवारी दुपारी वैतागून वायर उपटली आणि दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरली. रंग हुबेहूब सारखे! सरांनी एक टोक बदल म्हटलं होतं. मी हौसेने दोन्ही बदलली होती. म्हणजे एवढी मरमर करून वायर होती तशीच साधी राहिली होती. अति तिथे माती ही म्हण माझ्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी.

एक टोक कापून नव्याने बसवलं. यंत्रामागे हिरवा दिवा लागला. रुग्णाच्या नावापुढे 'टेस्ट' एवढंच टाकलं, बोट टोचलं, आणि वर प्रिंटर कुरकुरला. मी कठड्याला धरत वर पोचले, मागून मावशी. "आला! रिपोर्ट आला!" मला आनंदाने रडू यायचंच बाकी होतं.

डॉक्टरीणबाई कागद वाचत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"ही पेशंट कुठी आहे? हिले घरी जाऊ देऊ नका. इतक्या कमी रक्तावर ही चालून कशी राह्यली?"

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "जेवता कधी?"

हा प्रश्न माझा होता. शिबिरात प्रत्येक बाईला मी तो दरडावून विचारायचे, आणि त्यांचं ठरलेलं उत्तर आलं की चांगलं झापायचे.

"जेवते ना," मी म्हटलं, "घरातल्या सगळ्यांचं झालं की."