शेपटी रिकाम्या कोपऱ्याकडे

अक्षरबाईंचं आयुष्य फुग्यांत गेलं. चित्रकथेतली माणसं बोलतात ते तोंडाजवळच्या फुग्यात, आणि त्या फुग्यांतलं अक्षर न् अक्षर बाईंच्या हातचं. पंचवीस वर्षं कचेरीत खिडकीखालचं टेबल, शाईची बाटली आणि वाकलेली मान. संपादक म्हणजे ताईचा नवरा, बाईंचे भावोजी. ताई समोर बसून वाचकांची पत्रं फोडायची. सगळा घरचाच कारभार.

मासिक चालायचं ते ‘वज्रपंचका’वर. पाच वीर, पाच मुखवटे, आणि जग दर महिन्याला बुडायच्या बेतात. विसाव्या अंकाच्या वेळी बाई तापानं फणफणल्या होत्या आणि छापखान्याचा माणूस कचेरीच्या दारात ठाण मांडून बसलेला. ताई कपाळावर ओल्या घड्या ठेवतेय, बाई फुगे काढताहेत. त्या धांदलीत एका फुग्याची शेपटी, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जायची ती, भलतीकडेच गेली. चित्रातल्या पाण्याच्या टाकीमागच्या रिकाम्या कोपऱ्यात! ‘मागे वळू नका!’ असं तिथून, कुणीच नसताना, बोललं गेलं, आणि तसंच छापून आलं.

पोतं भरून पत्रं आली. टाकीमागे कोण आहे?

“डोळे फुटले का गं तुझे?” भावोजी कडाडले.

“तिथं कुणीतरी आहे असं धरा ना. दिसत नाही एवढंच,” बाई म्हणाल्या. “बाई आहे म्हणा. त्या पाच टोणग्यांना वेळेवर शहाणपण सांगायला कुणी नको?”

चित्रकारानं हात जोडले. “पावली बुवा! हिचे ना हात काढायचे, ना पाय!”

अशी अदृश्य ‘सहावी’ जन्मली. पंचकात माणसं सहा झाली आणि खप दुप्पट. तिचा फुगा बाई जराशा थरथरत्या रेषेनं काढत, तापातल्या हातानं काढल्यासारखा. पुढे पुढे तिची वाक्यंही बाईच लिहू लागल्या. भावोजी नुसतं “हं” म्हणत.

तीनशेव्या अंकात मासिकाचा इतिहास चित्रांतून द्यायचं ठरलं. “सहावीच्या जन्माचं पान आहे हं, मेहुणीबाई,” भावोजी म्हणाले, तेव्हा बाईंनी ठेवणीतली निब बाहेर काढली.

पान आलं. खिडकीशी भावोजी उभे, डोक्यावर भरघोस केस. चित्रकार होता, छापखानेवाला होता, कचेरीतलं मांजरसुद्धा होतं. खिडकीखाली मात्र टेबल नव्हतं, नुसती फरशी. भावोजींच्या फुग्यात लिहायचा मजकूर सोबत जोडलेला: ‘शेपटी मुद्दाम रिकाम्या कोपऱ्याकडे वळवा. मला सहावी सुचली आहे!’

“भावोजी, हे असं घडलं?”

“अगं, चुकून जन्मलेली नायिका कोण वाचेल? आणि तू तर घरचीच. घरच्यांचं नाव कशाला मिरवायचं?”

“मग तुम्ही काय भाड्यानं राहता?”

भावोजी हसले. बाईंनी ताईकडे पाहिलं. त्या दिवशीच्या ओल्या घड्या तिच्याच हातच्या. ताई पाकीट फोडता फोडता म्हणाली, “चूकच ना होती ती? चुकीचं कसलं गं श्रेय मागतेस?”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आवाजसुद्धा होत नाही.

बाई टेबलाशी बसल्या. काना-मात्रा न चुकता सगळा मजकूर लिहिला. त्याभोवती फुगा काढला, थरथरत्या रेषेचा. शेपटी भावोजींच्या तोंडापर्यंत आणली आणि तिथून खाली वळवून रिकाम्या फरशीवर सोडली. शाई वाळली तसं पान छापखान्यात धाडलं.

अंक निघाला, पत्रं आली. ताईनं पहिलंच वाचून दाखवलं, “खिडकीखाली कोण बोलतंय?”

भावोजींनी अंक डोळ्यांशी धरला. बाईंनी टाक खाली ठेवला.

“चूक झाली, भावोजी,” त्या म्हणाल्या. “चुकीचं श्रेय मागत नाही मी.”

भावोजींनी अंक मिटला. मग मांडीवर थाप मारून चित्रकाराला म्हणाले, “काय झकास जमलंय बघ! सहावी आपल्या जन्माची हकीकत आपणच सांगतेय. मीच म्हटलं होतं हिला, शेपटी तिकडे वळव म्हणून.”

बाईंनी ताईकडे पाहिलं. ताईनं पुढचं पाकीट उचललं.