पाळणाघराची तपासणी

भाऊसाहेब निमकर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पुढे ते सांगायची इच्छा राहील याची मला खात्री नाही.

तरुणपणी साताऱ्याहून दिल्लीला आले, एका मंत्रालयात कारकून म्हणून चिकटले आणि कक्ष अधिकारी होऊन निवृत्त झाले. सगळा जन्म सरकारी क्वार्टरमध्ये काढल्यावर त्यांना दिल्लीतल्याच द्वारकेत, आमच्या सोसायटीत फ्लॅट मिळाला. तेव्हा द्वारका म्हणजे नुसती धूळ होती. निम्म्या इमारती परांच्यांत, पाणी टँकरचं, आणि मेट्रो येणार येणार म्हणून सगळे खूश. तिथे भाऊसाहेबांनी आल्या आल्या महाराष्ट्र मंडळ काढलं. अध्यक्ष अर्थातच ते. दुसरं कोणी उभं राहिलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून कोणी राहिलं नाही.

त्यांना एकच सोस. पाहुणा दिसला की सत्कार! सोसायटीची लिफ्ट सुरू झाली तेव्हा त्यांनी ती बसवणाऱ्या मेकॅनिकला शाल-श्रीफळ दिलं, आणि तो बिचारा नारळ हातात धरून लिफ्टमध्येच अडकला. माझा नवरा राजीव म्हणायचा, "यार, यांच्या दारावरून कुरिअरवाल्यानंसुद्धा जपून जावं." आम्ही हसायचो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मंडळाचं एकच काम मला खरं काम वाटायचं, ते म्हणजे पाळणाघर. समोरच्या इमारतींवर विटा वाहणाऱ्या बायका आपली तान्ही पोरं वाळूच्या ढिगाजवळ ठेवायच्या. रांगतं मूल असेल तर त्याच्या पायाला साडीची चिंधी बांधून दुसरं टोक खांबाला. एकदा ते पाहिलं आणि मला जेवण गेलं नाही. मग सोसायटीच्या तळघरातला हॉल मागून घेतला, गाद्या जमवल्या, एक सांभाळणारी बाई ठेवली, दुपारची खिचडी सुरू केली. मुलं आली आणि रुळलीसुद्धा.

पण वर्गणी किती दिवस पुरणार? सुरुवातीचा उत्साह ओसरला आणि लोक मला बघून दुसऱ्या जिन्यानं जायला लागले. स्थानिक पालिका स्वयंसेवी संस्थांना अनुदान देते असं कळलं, तेव्हा मी महिनोन्महिने तिथे खेटे घातले. हा कागद आणा, तो साहेब रजेवर आहे, ती खिडकी बंद आहे. शेवटी एकदाचं ठरलं, की बत्रा नावाचे अधिकारी काम प्रत्यक्ष बघायला येतील आणि त्यांच्या शेऱ्यावर अनुदान मिळेल. नाही मिळालं तर मार्चअखेर पाळणाघर बंद, हे मंडळाच्या बैठकीत आधीच ठरून गेलं होतं.

त्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये गेले तर दारात रांगोळी. आत समई, खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर 'हार्दिक स्वागत'. गाद्या गुंडाळून जिन्याखाली कोंबलेल्या. मूल एकही नाही.

"मुलं कुठायत, भाऊसाहेब?"

"काल संध्याकाळीच आयांना सांगून टाकलं, उद्या आणू नका म्हणून." ते हाराच्या गाठी तपासत होते. "एवढे मोठे अधिकारी यायचे आणि कोणी भोकाड पसरलं तर? शोभतं का ते, संपदाताई?"

"अहो, ते मुलंच बघायला येतायत!"

"बघतील की. फोटो लावलेत ना."

फोटो होते. गणेशोत्सवाचे.

मी धावत समोरच्या बांधकामावर गेले. एक आई तरी असेल, एक मूल तरी उचलून आणता येईल. पण पोरांना सांभाळायचं म्हणून त्या बायका कामावरच आल्या नव्हत्या. दिवसाची मजुरी बुडवून घरी बसल्या होत्या.

मी परत आले तोवर बत्रासाहेब स्कूटरवरून येऊन पोचले होते. "बच्चे किधर हैं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "पहले आप बैठिए तो सही," हे भाऊसाहेबांचं उत्तर. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. तो परिचय त्यांनी कुठून मिळवला देव जाणे, कारण पाहुणेही कान देऊन ऐकत होते. मग शाल, मग नारळ. माझा जीव तळमळत होता. मध्येच उठून मी म्हटलं, "सर, बच्चे रोज आते हैं, सिर्फ आज..."

"आज आपके सम्मान में छुट्टी दी है!" भाऊसाहेबांनी खणखणीत आवाजात सांगितलं आणि टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब आणि मी त्यांच्या कार्यालयात गेलो. बत्रासाहेब चिडले नव्हते, हेच जास्त लागलं. "मॅडम, मैंने जो देखा वही लिख सकता हूं," ते म्हणाले. त्यांनी समारंभाचा हॉल पाहिला होता आणि समारंभाचा हॉल लिहिला होता. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा म्हणाले.

"माणूस सज्जन वाटला होता हो," परतताना रिक्षात भाऊसाहेब म्हणाले. त्यांना तिथेच खाली उतरवावं असं मला फार वाटलं.

"सुट्टी तुम्ही सांगितलीत," मी म्हटलं. "आता बंद झालं हेही तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

मार्चच्या शेवटच्या संध्याकाळी ते गेटपाशी उभे राहिले. मी मागे उभी होते, मुद्दामच. पहिली आली फूलमती, आपल्या मुलीला न्यायला. भाऊसाहेबांनी घसा साफ केला, पण तीच आधी बोलली.

"बाबूजी, उस दिन साहब खुश हुए न? हमने बच्ची को बाहर भी नहीं निकलने दिया."

सभेत कधी शब्दाला न अडलेला तो माणूस उगाच गेटची कडी लावायला-काढायला लागला. मला त्यांची दया आली नाही. खरंच आली नाही.

"हां," शेवटी ते म्हणाले. "खुश हुए." आणि मग, फार हळू, "बेटी, कल से बच्ची को मत लाना."

फूलमतीनं समजूतदारपणे मान हलवली. मुलीला कडेवर घेतलं, तिचं नाक पदरानं पुसलं.

"अच्छा," ती म्हणाली. "फिर कोई साहब आ रहे हैं?"