मोठ्या माशासाठी रॉड

ठाण्याच्या डॉक्टरांनी "आता थांबा" म्हणून सांगितलं आणि त्यानंतर नवरा जवळजवळ बोलेनासाच झाला. मूल व्हावं म्हणून आम्ही काही वर्षं उपचार घेत होतो. इंजेक्शनं मला टोचली जायची, पण रिपोर्ट आला की खचायचा तो. आता रिपोर्टही येणार नव्हता. तो ऑफिसला जायचा, यायचा, जेवायचा आणि डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर मोबाईल घेऊन पडायचा. आवाज बंद करून व्हिडिओ बघायचा. एकदा मी मागून डोकावले. कुठल्याशा परदेशी किनाऱ्यावर एक माणूस गळ टाकून बसलेला, आणि मग त्याच्या हातात त्याच्या कंबरेएवढा मासा.

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तरी एका संध्याकाळी तो म्हणाला, "मला एक रॉड घ्यायचाय. मोठ्या माशाचा."

कित्येक महिन्यांत त्याने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच हो म्हटलं. जवळचं सगळं उपचारात गेलेलं, म्हणून स्वस्तातला बघू, एवढंच बोलले.

माझं ऑफिस ठाण्यात. बाजारपेठेच्या एका गल्लीत मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे असं कळलं होतं. एका शनिवारी मी तिथे त्याला बोलावून घेतलं. काउंटरवर चष्मा लावलेले एक काका होते. नवऱ्याने मोबाईलवर बारा फुटी रॉडचा फोटो दाखवला.

"पहिलाच घेताय ना? मग बारा फुटी नको," काका म्हणाले. "खांदा भरून येईल, आणि न्यायचा कसा? नऊ फुटी घ्या. दोन तुकड्यांचा आहे, बसमध्ये मावतो."

त्यांनी दोन रॉड समोर ठेवले. कार्बनचा हलका होता पण महाग, आणि दगडावर आपटला तर तडकतो म्हणाले. दुसरा फायबरचा, जड, पण नवीन माणसाच्या हातात टिकणारा.

"रॉड साधा चालेल. पैसे रीलवर घाला," ते म्हणाले. रीलच्या टोकाची चकती त्यांनी फिरवून दाखवली. "हा ड्रॅग. मोठा मासा लागला की आधी पळतो. तेव्हा दोरा सुटत गेला पाहिजे. चकती आवळून ठेवलीत तर दोरा तुटणार. त्याला पळू द्यायचं, दमला की ओढायचं."

नवरा रीलचा दांडा फिरवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. मला इतकं बरं वाटलं की कार्बनचाच घेऊया का, असं ओठांवर आलं होतं.

फायबरचा रॉड आणि मधल्या किमतीचं रील ठरलं. बांधता बांधता काकांनी विचारलं, "मुलं आहेत ना घरी? मागे लागतात मग. छोटा रॉडपण आहे."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "हो. एक मुलगा आहे."

"केवढा?"

"पहिलीत आहे."

काकांनी निळा, प्लास्टिकच्या रीलचा एक रॉड काढला. नवऱ्याने तो हातात घेऊन बघितला, लांबी पहिलीतल्या मुलाला झेपेल का विचारलं. गळाचं टोक बोथट करून मिळेल का, हेही विचारलं. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मी शेजारच्या जाळ्यांवरचे किमतीचे कागद वाचत उभी राहिले.

खोपटच्या एसटी स्टँडवर घरची बस मिळाली. मोठा रॉड त्याच्या गुडघ्यांमध्ये आणि निळा माझ्या मांडीवर. डोंबिवलीजवळचं मानपाडा गेलं तेव्हा मी विचारलं, "असं का सांगितलंस?"

"त्या काकांना काय सांगणार होतो?"

"नाही म्हणायचं."

"सगळ्यांना तेच सांगतोय ना," तो म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

निळा रॉड घरी आल्यावर त्यानेच माळ्यावर टाकला. त्याबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

रविवारी पहाटे आम्ही डोंबिवली पश्चिमेला खाडीवर जायला लागलो. मी डब्यात पोळीभाजी घ्यायचे. पाणी काळपट, भरतीला त्यावर फेस यायचा आणि औषधासारखा वास. गळाला पिशव्या लागायच्या, एकदा कुणाची तरी ओढणी लागली. काठावर तिथल्याच गावातले एक म्हातारबाबा येऊन बसायचे. त्यांची मिठागरं होती पूर्वी, आता तिथे टॉवर आहेत आणि त्यातले दोन फ्लॅट त्यांचे.

"आमचे बापाच्या टायमाला यां जिताडं गावायची, पोराएवरी," ते म्हणाले. "आता कंपनीचा पानी येतं. कशाला बसतं रं?"

"बसतो असाच," नवरा म्हणाला.

जिताडा म्हणजे खाडीतला सगळ्यात मोठा आणि चवीचा मासा, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

आणि एका रविवारी तो लागला. जिताडाच होता की दुसरं काही, कोण जाणे. रॉड एकदम वाकला, रील करकरलं, नवरा दोन पावलं चिखलात ओढला गेला. म्हातारबाबा उठून उभे राहिले. "सोड, सोड दोरा. धाव दे त्याला."

दोरा भराभर सुटत होता. नवऱ्याने बघितलं, आणि त्याचा हात चकतीवर गेला.

"अरे आवळू नकोस," मी म्हटलं. "पळू दे ना त्याला."

"नाही. गेला तर येत नाही परत."

त्याने चकती आवळली. पाण्यात काहीतरी रुंद, पांढरट उलटं झालं, आणि दोरा तुटला. आवाजसुद्धा फारसा आला नाही.

नवरा तिथेच चिखलात बसला आणि रडायला लागला. क्लिनिकच्या दारात रडला नव्हता, घरी रडला नव्हता. म्हातारबाबा मान वळवून घराकडे निघून गेले. त्याच्या पाठीवर हात ठेवावा हे मला कळत होतं. पण माझ्या पोटात नुसता राग होता. एवढे महिने मी वाट बघत होते की हा माझ्याजवळ रडेल, आणि हा रडला तो माशासाठी. मी डबा पिशवीत भरला आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेले.

त्यानंतर मी खाडीवर गेले नाही. तो दर रविवारी जातो. दार ओढल्याचा आवाज येतो तेव्हा मी जागी असते. उन्हं चढली की येतो, आंघोळ करतो, आम्ही जेवतो. बिल्डिंगमधले विचारतात, काही मिळालं का, तर नाही म्हणतो.

मागच्या आठवड्यात मी दत्तकाचा विषय काढला. भीत भीत, ताटं उचलताना.

"आता काही नको," तो म्हणाला. अगदी शांतपणे, पाणी पिता पिता.

मी ताटं घेऊन आत गेले. मलाही काही नको असं त्याला सांगायचं होतं, पण ते खरं नव्हतं, आणि खरं काय ते सांगण्याइतकी आमची ओळख आता राहिली नव्हती.