सांताक्रूझ ते अलिबाग, संध्याकाळपर्यंत परत

किस्से कुणी गोळा करायला बसत नाही. कंडक्टरच्या चामडी पिशवीच्या तळाशी तिकिटांचे चिटोरे, सुपारीची खांडं आणि कुणाच्या तरी कोटाचं बटण आपोआप साठतं, तसे हे साठतात. रेवस-अलिबाग मोटारीवर मी आठ वर्षं कंडक्टर होतो. नोकरी सोडताना पिशवी परत केली. किस्से कुणी मागितले नाहीत, म्हणून माझ्याकडेच राहिले.

यातले बरेचसे माझा मामेभाऊ वसंता याच्यामुळे घडले. तो सांताक्रूझच्या विमानतळावर एका परदेशी कंपनीच्या काउंटरवर होता. एखादा उतारू सकाळी येऊन पोचायचा आणि त्याचं पुढचं विमान रात्री असायचं. मग साहेब विचारायचा, "दिवसभर करायचं काय?" वसंताने जगात दोनच ठिकाणं पाहिली होती, मुंबई आणि अलिबाग. मुंबईचा त्याला कंटाळा होता. त्यामुळे तो चिठ्ठी लिहून द्यायचा: भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला उतरा, तिथून मोटारीने अलिबाग, संध्याकाळपर्यंत परत. आणि खाली एक ओळ: "अडचण आल्यास कंडक्टरला भेटा."

कंडक्टर म्हणजे मी!

* * *

पहिला आला तो हॉलंडचा इंजिनिअर. सव्वासहा फूट उंच. ओहोटीला लाँच रेवसच्या धक्क्याला लागत नसे. उतारूंना होडीतून चिखलाच्या कडेला आणायचे आणि तिथून कोळी त्यांना खांद्यावर बसवून धक्क्यावर पोचवायचे. साहेब नेमका गणा कोळ्याच्या वाट्याला आला. गणा जेमतेम पाच फूट. साहेब खांद्यावर बसला खरा, पण त्याचे बूट चिखलातूनच येत होते.

दहा पावलांवर गणा थांबला. "सायेब, आसा न्हाय जमायचा. उतरा खाली."

साहेब उतरला. गणाने खुणेने काहीतरी समजावलं. साहेबाने मान हलवली, बूट काढून गणाच्या हातात दिले आणि गणाला उचलून आपल्या खांद्यावर घेतलं! धक्क्यावरून आम्ही बघतोय, तर गणा दोन हातांत दोन बूट धरून वरातीतल्या नवऱ्यासारखा येतोय.

पुढे कुणी विमानाच्या गोष्टी सुरू केल्या की गणा म्हणायचा, "विमानवाल्याच्या खांद्यावर बसलोय मी. वरून काय वेगला दिसत न्हाय."

* * *

एकदा एक इंग्रज म्हातारी आली. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात छत्री. मोटारीत त्या दिवशी सुकटीच्या सहा टोपल्या होत्या. बाईने नाकाला जो रुमाल लावला तो काढलाच नाही. शेजारी हिराबाई कोळीण बसली होती. तिला राहवेना.

"बिचारीला पडसा झालाय," असं मला म्हणाली, बाईच्या हातातला रुमाल हलकेच काढून घेतला आणि मूठभर सुकट तिच्या नाकाशी धरली. "हुंग बाय. नाक मोकला व्हतंय."

बाई सभ्य. तिने हुंगलं.

अलिबागपर्यंत मग तिला रुमाल लागला नाही. नाक मोकळं झालं की कायमचं बंद झालं, ते विचारण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं.

* * *

आमचा ड्रायव्हर भिकाजी. शांत माणूस. त्याची गाडी एकदा बंद पडली की धक्का मारूनच सुरू व्हायची, आणि सुरू झाली की थांबवायची नाही, असा त्याचा नियम. एकदा चढावावर बंद पडली. सगळे उतरले. त्यात पांढऱ्या सुटातला एक जपानी व्यापारीही होता. त्यानेही कोट न काढता धक्का मारला. गाडी सुरू झाली. भिकाजी नियमाप्रमाणे थांबला नाही!

मी मागच्या दांड्याला लटकलो म्हणून पोचलो. स्टँडवरच्या बाबूने वहीत लिहिलं, "गाडी वेळेवर." उतारूंचा रकाना त्या वहीत नव्हता.

जपानी दीड तासाने चालत आला. गळ्यात पांढऱ्या कांद्याची माळ. वाटेत कुणी शेतकऱ्याने दिली असावी. त्याला वाटलं सत्कार झाला. वसंता सांगतो, विमानात चढतानाही माळ गळ्यातच होती.

* * *

कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं. भरती आली की येता येत नाही. हे मी एका अमेरिकन प्रोफेसरला सांगितलं होतं. त्याने वहीत टिपूनही घेतलं. मग तो किल्ल्यावर गेला आणि तटावर बसून वही वाचत राहिला.

त्याचं विमान चुकलं. त्याने कंपनीकडे तक्रार केली की तुमच्या माणसाने मला जिथे पाठवलं, तिथला रस्ता समुद्रात बुडाला. वरच्या अधिकाऱ्याने वसंताकडे खुलासा मागितला. वसंताने एका ओळीत दिला: "सदर रस्ता सहा तासांनी पुन्हा वर येतो."

असलं काही असूच शकत नाही म्हणत पुढच्या रविवारी तो अधिकारी खात्री करायला स्वतः आला.

तोही अडकला.

* * *

एका स्कॉटिश गृहस्थाने मला विचारलं, अलिबागेत बघण्यासारखं काय? मी म्हटलं, समुद्र, किल्ला, कोर्ट. समुद्र त्याने विमानातून पाहिला होता, किल्ले त्याच्या गावी होते. तो कोर्टात जाऊन बसला. दोन सख्ख्या भावांचा बांधावरच्या एका नारळाच्या झाडावरून दावा चालला होता. एक अक्षर कळत नसताना गडी संध्याकाळपर्यंत हलला नाही. मी ओढून आणला म्हणून लाँच मिळाली.

दोन महिन्यांनी वसंताच्या काउंटरवर विलायतेहून पोस्टकार्ड आलं. मजकूर एवढाच: "झाड कुणाला मिळालं?"

मी चौकशी केली. दोघा भावांनी आणखी सात साक्षीदार आणले होते. पुढे दर दिवाळीच्या सुमारास कार्ड यायचं. तिसऱ्या वर्षी वीज पडून झाड गेलं. आम्ही तसं कळवलं.

उलट टपाली कार्ड आलं: "जागा कुणाची?"

* * *

धर्मा आला तेव्हा त्याच्याकडेही वसंताची चिठ्ठी होती, पण त्याला ती लागणार नव्हती. तो आमच्याच बाजूचा. एका साहेबाच्या घरी स्वयंपाकी म्हणून एडनला गेलेला. साहेबाची बदली सिंगापूरला झाली, विमान मुंबईत दिवसभर थांबलं, आणि धर्माने साहेबाकडून तेवढा दिवस मागून घेतला. अकरा वर्षांनी तो घरी निघाला होता.

"आईला कळवलंस?" मी विचारलं.

"न्हाय. काय कळवू? चार तासांसाठी येतोय म्हणून?"

त्याचं गाव रेवस आणि अलिबाग यांच्या मधोमध. आम्ही त्याला फाट्यावर उतरवलं. मी बजावलं, "चार वाजता आम्ही अलिबागेहून रेवसकडे परत येतो. रस्त्यावर उभा राहा. ही गाडी चुकली तर लाँच नाही."

चारला आलो तर धर्मा फाट्यावर उभा. धावत चढला आणि खिडकीशी बसला. घाम आला होता.

"आईला काय सांगितलंस?"

खालच्या आवाजात म्हणाला, "कायमचा आलोय म्हटलं. आता जरा अलिबागेला बाजार करून येतो, असं सांगून निघालो."

मी घंटीच्या दोरीला हात घातला, तेवढ्यात भिकाजी म्हणाला, "थांब."

शेताच्या बांधावरून एक म्हातारी येत होती. नऊवारी खोचलेली, हातात फडक्याचं गाठोडं. घाई नव्हती तिला. साठ वर्षं त्याच रस्त्याच्या कडेला काढलेली बाई. अलिबागची गाडी कुठल्या तोंडाची आणि रेवसची कुठल्या, हे तिथल्या म्हशींनाही ठाऊक होतं.

ती खिडकीपाशी आली. गाठोडं आत दिलं. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, अजून गरम. बऱ्याच होत्या.

"अलिबागेला भूक लागली तर खा," म्हणाली.

धर्मा मान खाली घालून बसला. पुढच्या बाकावरचा एक उतारू मदत करायला म्हणून वळला. "अगं आजी, ही गाडी तर रेव—"

भिकाजीने हॉर्न दाबला. फाटा मागे पडेपर्यंत दाबूनच धरला.