मामीचा अधू पाय

खरं बोलणं हाच ज्यांचा धर्म होता अशी माणसं आता उरली नाहीत, आणि सुभद्रामामी त्यांतली शेवटची. हे वाक्य माझं नाही. साताऱ्यात तिच्या शोकसभेत पहिल्या वक्त्यानं ते उच्चारलं, दुसऱ्यानं पुन्हा उच्चारलं आणि तिसऱ्यानं पुराव्यादाखल गडावरची गोष्ट सांगितली. पाय मुरगळला तरी त्या माउलीनं हूं की चूं केलं नाही, आणि सुभेदारांनी, म्हणजे माझ्या मामांनी, तिला पाठीवर घेऊन अख्खा अजिंक्यतारा उतरवला. सभागृह गहिवरलं. मी सतरंजीची वीण पाहत बसलो, कारण त्या दिवशी मी गडावर होतो.

मामी गेल्याची तार मला सांगलीत कॉलेजात मिळाली, दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं होतं. मी साताऱ्याला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं आणि ओटीवर बसलेल्या बायका, अहेवपणी गेली, सोनं झालं तिचं, असं एकमेकींना सांगत होत्या. त्यांच्यापैकी कुणालाही त्या सोन्याची घाई दिसली नाही. मामा खुर्चीत ताठ बसले होते. दाराच्या आतल्या बाजूला, खुंटीवर, मामीची पायाला बांधायची पट्टी लटकत होती... तिच्याकडे पाहायचं मी टाळलं.

मामा, म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, मूळचे आटपाडीकडचे. तिकडे उंच म्हणजे बाभळ. पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर केलं. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी धान्याच्या कोठारात काढली होती, पण साताऱ्यात तसं कुणी विचारत नसे आणि ते सांगत नसत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबानं गड चढायचा, हा नियम त्यांचाच. आम्ही सांगलीकर आदल्या रात्रीच एस.टी.नं मुक्कामाला यायचो. पहाटे शिट्टी व्हायची. अंगणात उंचीप्रमाणे रांग लागायची, माझे वडील, शाळेचे हेडमास्तर असूनही, चौथ्या नंबरावर. चढताना मामा सगळ्यांत पुढे आणि उतरताना सगळ्यांत मागे. "हुकूम देणारा माणूस शेवटी उतरतो," असं ते सांगायचे, आणि आमच्यावर कुणी गोळी झाडत नसूनही आम्ही ते मानायचो.

मामी मात्र जावळीतली. तिच्या गावात पाणी आणायचं तरी एक टेकडी उतरून दुसरी चढावी लागे. डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन ती आम्हा सगळ्यांच्या मागं चालायची, आणि दम लागल्याचं नाटक करायची, मामांच्या पुढं जाऊ नये म्हणून. वर पोचलं की दहा मिनिटं ती कुणाची नसे. पश्चिमेच्या तटाशी एकटी जाऊन उभी राहायची. एकदा मी मागून गेलो तर म्हणाली, "ती मागची निळी धार बघ. तिच्या पल्याड आमचं गाव." गाव खरं तर उरलं नव्हतं. कोयनेचं धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं, भाऊबंद कुठे कुठे पांगले. माहेर म्हणून तिला उरली होती ती वर्षातून एकदा दिसणारी धार. एरवी सुभेदारांची बायको एकटी गडावर जाणार कशी, आणि कशाला?

दुष्काळ सरला त्या वर्षीच्या दिवाळीत मामा चढताना फारच वेळा थांबले. प्रत्येक थांब्यावर त्यांनी इतिहास सांगितला, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. जेवणं झाली, शिट्टी झाली, आम्ही उतरू लागलो. दरवाजापाशी आल्यावर वडिलांना आठवलं की ट्रान्झिस्टर वरच राहिला. मी परत गेलो. तर मामा तटाशी पाय लांब करून बसलेले, पँटची नळी गुडघ्यावर, आणि गुडघा गाडग्याएवढा. त्यावर पट्टी. कोठारात असताना तांदळाचं पोतं पडून तो गुडघा कायमचा गेला होता, आणि ही गोष्ट घरात फक्त मामीला माहीत होती. ती समोर उकिडवी बसली होती.

"तू जा. सांग, सुभेदार सूर्यास्त बघून येतोय."

"आन् मग? रातभर हितंच बसणार व्हय?"

"चार गडी बोलवून पाठीवर न्यायचं काय मला? आटपाडीचं गाठोडं उतरलं म्हणतील. त्यापरीस हितंच बरं."

ते खरंच तसे बसून राहिले असते. वर्षानुवर्षं शिट्टी वाजवून त्यांनी स्वतःला असं बांधून घेतलं होतं, की गुडघा दुखतो हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडायला वाट उरली नव्हती. मामीनं एकवार पश्चिमेकडं पाहिलं. मग तिनं त्यांच्या गुडघ्याची पट्टी सोडली आणि स्वतःच्या उजव्या घोट्यावर करकचून बांधली. दुखऱ्या पायाची पट्टी काढून धडधाकट पायाला बांधण्याचा हा एवढा एकच उपचार मी आयुष्यात पाहिला.

"माझा पाय मुरगाळला," ती म्हणाली. "तुमी मला धरून उतरवताय. टाका हात खांद्यावर."

मामांनी हात टाकला. वळताना मामीला मी दिसलो. हेडमास्तरांचा मुलगा म्हणून ती मला मास्तर म्हणायची. "मास्तर," ती म्हणाली, "तू काय बघितलं न्हाईस." मी ट्रान्झिस्टर उचलला आणि नाही म्हणालो.

एकमेकांना धरून ती दोघं तीन तासांनी खाली आली. लंगडत होती मामी, घाम मामांना आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन बाहेर आली तर पट्टी डाव्या पायाला. मी डोळ्यांनी खुणावलं. ती आत गेली आणि उजव्या पायाला बांधून आली. तेवढा एक अपघात सोडला तर तिनं खोट्याचा संसार नेटका केला.

मुश्किल एवढीच की तो संसार पुढं संपेना. लोकांच्या सांगण्यात पहिल्या वर्षी मामांनी तिला धरून उतरवलं होतं, दुसऱ्या वर्षी उचलून, तिसऱ्या वर्षापासून पाठीवर. साऱ्या पेठेला ते पाठ झालं. त्या प्रसंगानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मामांनी जाहीर केलं की हिचा पाय अधू झाला, हिला एकटं कसं टाकायचं, तेव्हा आपण पायथ्याला थांबणार. त्यांच्या या त्यागाचं कौतुक झालं. आम्ही चढायचो आणि खाली चहाच्या टपरीवर मामा शिट्टी घेऊन बसायचे, शेजारी मामी, घोट्याला पट्टी बांधून. गडाकडं पाठ करून बसायची.

एकदा मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, एखाद्या पहाटे गुपचूप वर नेतो, कुणाला कळणार नाही. ती हसली.

"आन् उतरताना कुणी बघितलं म्हंजी? त्यांचं इतक्या वरसांचं नाव खाली येईल बाबा. तू जा. धार दिसती का तेवढं सांग."

मी दर वर्षी वरून येऊन सांगायचो, दिसते. एका वर्षी इतकं धुकं होतं की पुढचा माणूस दिसत नव्हता. तेव्हाही मी दिसते म्हणालो. आमच्या घराण्यात खोटं बोलायला कुणीतरी शिकवावंच लागतं, मला तिनं शिकवलं. शेवटची पाच वर्षं ती गडावर गेली नाही. गडापासून तिचं घर चालत वीस मिनिटांवर होतं.

गेल्या महिन्यात मी मामांकडं गेलो. त्यांनी अचानक विचारलं, "ती वर गेल्यावर तटाशी काय बघायची रं?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिला हे विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. धार, पलीकडचं पाणी, पाण्याखालचं गाव. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. तिथून समोरचं घर दिसतं, दुसरं काही दिसत नाही.

"मला बोलली न्हाई कवा," ते म्हणाले. "मी तिला खालीच बसवली."

दूध आणायची वेळ झाली तसे ते उठले. दाराआडच्या खुंटीवरची पट्टी त्यांनी काढली, खुर्चीत बसून पँट वर केली आणि गुडघ्याला बांधली. आता ते ती रोज बांधतात, पँटची नळी वर ठेवून, उघडपणे. सुभेदार बायकोची आठवण अंगावर बाळगतात म्हणून पेठेत पुन्हा कौतुक चाललं आहे.

पट्टी गुडघ्याच्या मापाची आहे.