पूजेतला पाना

केरूनं हिंदुरावांची गाडी मुद्दाम निकामी केली, असं सांगलीच्या विश्रामबागेत अजूनही सांगतात. सांगणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी ना ती गाडी पाहिली, ना केरूला. मी दोघांनाही पाहिलं आहे. आमच्या आणि हिंदुरावांच्या बंगल्यात नुसतं मेंदीचं कुंपण होतं.

केरू फौजेतून परतलेला मोटार-मिस्त्री. उंच, सडसडीत आणि तोंडानं फटकळ. छप्पन साली घरादारासकट बौद्ध झालेला. सांगलीतल्या गॅरेजवाल्यांना त्याचं काम हवं असे, तो नको असे. अडलं की बोलावत, गाळ्याबाहेर रस्त्यावर काम करून घेत आणि चहा वेगळ्या कपात देत. "फौजेत एकाच मगात समदे प्यायचो," तो मला म्हणाला होता, "हितं आल्यावर माझी बढती झाली बाई. सोतंत्र कप."

चौसष्ट साली हिंदुरावांचं लग्न झालं आणि त्याच हौसेत त्यांनी एका जहागीरदाराकडून शर्यतीची विलायती गाडी घेतली. लाल, बुटकी, दोनच माणसांची. आवाज असा की आमच्या कपाटातल्या बशा थरथरत. पण गाडी उभ्या जागी तेल गाळायची. पोर्चमधली शहाबादी फरशी काळी झाली. दोन मिस्त्री हात टेकून गेले, तेव्हा हिंदुरावांनी केरूला बोलावलं.

"हिचं तेल थांबव केऱ्या. दसरा झाला की तुला कारखान्याच्या गॅरेजात फिटर म्हणून चिकटवतो."

हिंदुरावांचा शंभर एकर ऊस त्या कारखान्यात जायचा. त्यांचा शब्द तिथे चालत असे. फिटरची जागा म्हणजे कायमची नोकरी, कारखान्याची खोली, आणि मुख्य म्हणजे छपराखाली उभं राहून काम. केरूची बायको अंजना आमच्याकडे निवडणं-टिपणं करायला यायची. तांदूळ निवडता निवडता ती त्या खोलीत चूल कुठे मांडायची ते ठरवत बसे.

केरूनं पोर्चमध्ये ओंडके रचून गाडी वर चढवली आणि खाली शिरला. गळत होतं ते इंजिनाच्या बुडाला असलेल्या चेंबरमधून. चेंबर म्हणजे तेल साठतं ते पात्र. त्याचं पॅकिंग कुजलं होतं. केरूनं बुचाच्या पातळ तक्त्यातून नवं पॅकिंग कापलं. अष्टमीच्या संध्याकाळी चेंबर बसवून त्यानं इंजिन चालू केलं, फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि हिंदुरावांना दाखवलं. कागद कोरा होता.

"पण अजून झालं न्हाई," तो म्हणाला. "बूच गरम झालं की दबतं. उद्या गार इंजिनावर बोल्ट परत आवळायचं. मग जावा कुटंबी."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. केरू यायच्या आत हिंदुरावांच्या आईंनी, लक्ष्मीबाईंनी, घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडली होती. तलवार, विळे, कुऱ्हाडी, आणि गाडीबरोबर आलेली पान्यांची पेटीही. हळद-कुंकू वाहून झालं होतं. आता दसऱ्याचं सोनं लुटून घरी येईपर्यंत काहीही हलवायचं नाही, हा त्या घराचा नेम.

मी कुंपणापाशी फुलं तोडत होते. केरू पायरीखाली उभा होता.

"आईसाब, एक पाना द्या. लांब मानेचा. अर्ध्या तासात पुसून परत."

"खुळा झालास व्हय रं? पूजेतलं हत्यार, आन् तू हात लावणार?"

"काल याच हातानं पुसून पेटीत ठेवलाय."

"काल ते हत्यार हुतं. आज द्येव हाय."

मी कुंपणावरून म्हटलं, "लक्ष्मीबाई, मी देऊ का उचलून?" त्या माझ्याकडे वळूनही न बघता म्हणाल्या, "कुनीच न्हाई."

केरूकडे स्वतःचे पाने होते, पण गाडीच्या सांगाड्याच्या आडव्या दांड्यामागच्या बोल्टांपर्यंत त्यातला एकही पोचत नव्हता. सायकल काढून तो गावभर फिरला. लष्करी गाड्या दुरुस्त केलेला धनाजी मिस्त्री त्याचा त्यातल्या त्यात मित्र. त्याच्याकडे तसा पाना होता, पण तोही झेंडूच्या माळेखाली. धनाजी म्हणाला, "गड्या, आज मागू नगंस. परवा ये, सगळा गाळा घिऊन जा." सबंध सांगलीत त्या दिवशी पाना न पुजणारा मिस्त्री एकच होता, आणि त्यालाच पाना मिळेना.

दसऱ्याला हिंदुरावांना बायकोला घेऊन साताऱ्याला सासुरवाडीला सोनं द्यायला जायचं होतं. लग्नानंतरचा पहिला दसरा. त्या दिवशी केरूच्या लोकांची धम्मदीक्षेच्या दिवसाची सभा होती. ती सोडून तो सकाळी पोर्चमध्ये येऊन उभा राहिला.

"मालक, आज नेऊ नका. टॅक्सी करा."

"चालू होतीय का न्हाई?"

"हुतीय. पर साताऱ्याला पोचणार न्हाई."

"सणादिवशी वंगाळ बोलू नगंस!"

केरूनं तेल काठोकाठ भरलं आणि तेलाचा एक डबा नव्या सुनेच्या पायांशी ठेवला. "इस्लामपुरात थांबा. इंजिनातली पट्टी काढून तेल बघा आन् वता." हिंदुरावांनी मान डोलावली. गाडी फाटकापाशी गेली तेव्हा लक्ष्मीबाईंनी थांबवली. शालूला डाग पडेल म्हणून डबा खाली उतरवला आणि त्या जागी पेढ्यांची करंडी ठेवली. चाकांखाली लिंबं चिरडून गाडी गेली. केरू डब्याकडे बघत राहिला.

कराडच्या अलीकडे तेल गळून इंजिन कोरडं पडलं आणि जाम झालं. संध्याकाळी भाड्याच्या बैलजोडीनं गाडी कराडच्या पुलाशी नेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी गाडी ट्रकमधून पोर्चमध्ये आली. भावकी जमली होती. केरूला बोलावून हिंदुराव म्हणाले, "पूजेचा राग काढलास माझ्या गाडीवर. बोल्ट ढिलं ठेवलंस."

"चेंबर उघडतो. बोल्ट सोताच्या हातानं बघा."

"गाडीला हात लावू नगंस."

तेव्हा मी कुंपण ओलांडून गेले आणि पाना कोणी दिला नाही, डबा कोणी उतरवला, ते सगळ्यांसमोर सांगितलं. हिंदुराव हसले. "वहिनी, तुमी पाचगणीला मडमांच्या शाळंत शिकलेल्या. आमच्या पूजेतलं तुमाला काय कळायचं?" सगळे हसले. घरी आल्यावर माझे यजमान म्हणाले, शेजाऱ्यांशी रोजचा संबंध आहे, जपून राहा.

फिटरची जागा हिंदुरावांच्या मावसभावाला मिळाली. त्याला चाक बदलता येत नव्हतं, तो शिकला. दिवाळीत हिंदुरावांनी केरूला निरोप धाडला: झालं गेलं विसरलो, ट्रॅक्टर धुवायला ये. केरू निरोप्याला म्हणाला, "मालकास्नी सांग, त्ये इसरलं आसतील. मी अजून इसरायला लागलो न्हाई."

पुढच्या महिन्यात अंजनाच्या माहेरी, म्हसवडला, विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायला ती दोघं गेली. जाताना अंजना माझा निरोप घ्यायला आली. तिनं विचारलं, "बाई, कारखान्याच्या त्या खोलीत कोन ऱ्हायला आलंय?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "मावसभावाचं घर आहे गावात. खोलीला कुलूप आहे."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "कुलूपच लावायचं हुतं, तर त्या कुलपापरीस आमी काय वाईट हुतो?"